पाणमोट फुटली की आधी ठोके, केसपेपर नंतर

लेबर रूमला नवीन आलेल्या नर्स मुली सगळ्यात जास्त कशाला घाबरतात तर बाळाच्या गळ्यातल्या नाळेच्या वेढ्याला. मीपण घाबरायचे. पण वेढा रोजचाच असतो गं, चार-पाच बाळंतपणांत एखाद्याला सापडतोच. डोकं बाहेर आलं की मानेपाशी बोट घालून चाचपायचं, सैल असेल तर डोक्यावरून अलगद काढायचा, तसा नाही निघाला तर खांद्यावरून सरकवायचा, आणि अगदीच आवळलेला असेल तरच दोन क्लॅम्प (चिमटे) लावून मधे कापायचं. कापायची घाई नको, कारण नंतर खांदे अडकले तर बाळाचा नाळेचा आधार पण गेलेला असतो. बाहेर सासूबाई म्हणणारच, हात वर करून कपडे वाळत घालायची म्हणून वेढा बसला. बाळंतिणीला ऐकू जाईल असं सांगायचं, मावशी, नाळ चांगली 50-60 सेंटीमीटर असते, बाळ आत फिरतं म्हणून बसतो वेढा, हिचं काही चुकलं नाही.

खरं घाबरायचं ते कॉर्ड प्रोलॅप्सला, म्हणजे बाळाआधी नाळ खाली येण्याला. पाणमोट फुटते तेव्हा डोकं अजून वरच तरंगत असेल तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरते आणि मग डोकं तिलाच दाबून धरतं, म्हणजे बाळाचा रक्तपुरवठाच बंद. पायाळू, आडवं मूल, जुळं, कमी दिवसांचं, पाणी जास्त असलेली, अशा केसला जास्त लक्ष ठेवायचं.

माझी पहिली केस रात्रीची, दुसरी खेप. पाणी गेलं आणि मी शहाणी, वेळ आणि पाण्याचा रंग लिहायला केसपेपरकडे वळले. मोठ्या सिस्टरांनी तेवढ्यात पोटावर डॉप्लर (बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र) लावला तर ठोके मिनिटाला 80, जिथे 110 ते 160 हवेत. पीव्ही (आतून बोटांनी तपासणी) केली आणि बोटांना एक गरम बुळबुळीत दोरी लागली, आणि ती उडत होती!! सिस्टर म्हणाल्या, "आता हात काढायचा नाही. डोकं वर ढकल नि तसंच धर." मग काय, कंबरेखाली उशा, डावी कूस, वॉर्डातल्या आयामावशी ट्रॉली ढकलतायत आणि मी चादरीखाली हात घालून बाजूने वाकडी-तिकडी पळतेय. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पण ड्रेपखाली, म्हणजे ऑपरेशनच्या चादरीखाली, तशीच बसून होते, बोटं बधिर, फक्त नाळ उडतेय का तेवढं कळत होतं. वरून डॉक्टरांनी बाळ काढलं तेव्हा हात सुटला. रडायला जरा वेळ लावला त्याने, पण रडला.

नाळ बाहेर लोंबत असेल तर सारखी हाताळू नका, आत कोंबत बसू नका, हात लागला किंवा गार पडली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात. ओटी लांब असेल किंवा 108 ने पाठवायचं असेल तर फॉलीज (लघवीची नळी) टाकून आईच्या पोटातल्या लघवीच्या पिशवीत 500 मिली सलाईन भरून क्लॅम्प करतात, फुगलेली पिशवी डोकं वर उचलून धरते. फक्त सिझरला पोट उघडायच्या आधी ती रिकामी करायची आठवण तुम्हीच करून द्या, गडबडीत राहतं.

माझ्या त्या केसपेपरवर "रात्री 2" एवढंच लिहिलेलं होतं. पुढची मिनिटं सिस्टरांना विचारून पहाटे भरली, तीपण डाव्या हाताने.