अंगठ्याचं नख काळं पडतंय? रनिंग शूज घेताना या चुका टाळा

मुंबईत लांब पल्ल्याचा सराव म्हणजे काँक्रीटचा रस्ता, पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ, घामाने निथळणारे मोजे आणि चार महिने पाऊस. दुकानात बूट बघताना यातलं काहीच डोळ्यांसमोर नसतं. रंग, सवलत आणि नेहमीचा नंबर, एवढ्यावर व्यवहार उरकतो.

सगळ्यात जास्त नडते ती मापाची चूक. ऑफिसच्या बुटाचा नंबर आठ, म्हणून रनिंग शूजही आठच, हा हिशेब चुकतो. तासभर धावल्यावर, त्यातून दमट हवेत, पाय सुजतो. शिवाय प्रत्येक पावलाला तो बुटात किंचित पुढे सरकतो. पुढे जागा नसली की नख बुटाच्या टोकावर आपटत राहतं, नखाखाली रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. पेडर रोडचा चढ संपून उतार लागला की हे चांगलंच जाणवतं.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय दिवसभराने थोडा फुगलेला असतो. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावून पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल सरळ उभी धरून खूण करा. बसून घेतलेलं माप कमी भरतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्या. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं. तसं असेल तर मोजायचं तेच. बूट घालून उभं राहिल्यावर त्या बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण १ ते दीड सेंटिमीटर जागा उरायला हवी. धावताना जे मोजे घालता, तेच घालून बघा.

रुंदीकडे तर कोणी पाहतच नाही. चपला घालून वाढलेल्या पायांचा चवडा बहुधा पसरट असतो. आतला इनसोल, म्हणजे तळाशी बसवलेली सुटी गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळीची बाजू कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही. अशा वेळी एक नंबर मोठा घेऊन भागवलं की चवडा सुटतो, पण टाच सैल पडते आणि मागे फोड येतो. त्यापेक्षा त्याच मॉडेलची ‘वाइड’ जोडी मागा. पुरुषांत ती बहुधा ‘२ई’ या खुणेने मिळते. ऑनलाइन मागवताना यूके आणि यूएस आकड्यांची गल्लत करू नका. कंपनीप्रमाणे पुरुषांच्या बुटांत दोन्हींत अर्ध्या ते एका नंबराचा फरक पडतो, बायकांच्या बुटांत त्याहून जास्त.

माप बरोबर असूनही टाच उचलली जात असेल, तर दोष लेस बांधण्याचा असू शकतो. सगळ्यात वरचं जादा भोक बहुतेकांचं रिकामंच राहतं. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फास ठेवा, मग प्रत्येक लेस समोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते. उलट, धावताना बोटं बधिर होत असतील, तर चवड्यावरची लेस सैल करून बघा.

ओल्या पावलाचा ठसा बघून ‘फ्लॅट फूट’, म्हणजे कमान नसलेलं सपाट पाऊल ठरवायचं आणि पाऊल आत कलू नये म्हणून जादा आधार दिलेला महागडा ‘स्टॅबिलिटी’ बूट घ्यायचा, हा सल्ला अजून चालतो. अमेरिकी सैन्यातल्या प्रशिक्षणार्थींना पायाच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिले, तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. दुकानाबाहेर पाच मिनिटं हलकं धावून पायाला काय आरामदायी वाटतं, ही कसोटी जास्त भरवशाची.

बुटाच्या तळाची टाचेखालची आणि चवड्याखालची उंची यांतला फरक म्हणजे ‘ड्रॉप’. १० मिलिमीटरवरून एकदम ४ वर आलात, तर पोटरी आणि टाचेमागची शीर दुखणारच. नवी जोडी आधी आठवड्यातून एकदा, ३-४ किलोमीटरसाठीच घाला.

पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ’ बूट घेणं ही खास इथली चूक. साचलेलं पाणी वरून आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. जाळीदार कापडाचा बूट बरा. घरी आल्यावर इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि बूट पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा वॉशिंग मशीनमध्ये नको, डिंक सुटतो. इथल्या हवेत एका रात्रीत बूट वाळत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर दोन जोड्या आलटूनपालटून वापरा.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. एकाच जोडीत आठवड्याला ४० किलोमीटर धरले तर ऑगस्टमध्ये घेतलेली जोडी फार तर डिसेंबरपर्यंत पुरते, आणि मुंबई मॅरेथॉन असते जानेवारीत. शर्यतीसाठी नवी जोडी महिनाभर आधी घ्या आणि त्यात ६०-८० किलोमीटर धावून घ्या. तळ झिजलेला दिसत नाही म्हणून थांबू नका. तळाच्या वरचा मऊ फोम आधी बसतो. बाजूने बघितल्यावर त्यावर आडव्या सुरकुत्या दिसतात आणि अंगठ्याने दाबला तर तो पूर्वीसारखा दबत नाही.

एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर असेल आणि चालतानाही ती ठसठसत असेल, तर बूट बदलून बघत बसू नका. धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.