सोलापूरहून ट्रेलर, तंबू आणि गोल्फ: एकट्याने जाताना

शरदाच्या सुरुवातीला, म्हणजे सप्टेंबरअखेरीस, सोलापूरहून पुण्याला गोल्फ खेळायला एकट्याने ट्रेलर घेऊन निघायचे असेल, तर सुमारे अडीचशे किलोमीटरचा हा प्रवास एका दमात न करता भिगवणजवळ उजनीच्या पाणलोटाकाठी एक मुक्काम करावा. शेतात थांबायचे असल्यास मालकाची परवानगी आधीच घ्यावी.

जागा निवडताना जमीन पायाने दाबून पाहावी. परतीचा पाऊस झाला की काळी माती टायरला चिकटते आणि सकाळपर्यंत चाक रुतून बसते. सोबत कोणी नसताना ते बाहेर काढणे फार अवघड असते, म्हणून थोडे लांब जावे लागले तरी मुरमाड, उंचवट्याची जागाच घ्यावी. ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा आणि ट्रेलर ज्या बाजूला वळवायचा असेल, त्याच बाजूला हात हळूहळू सरकवावा. जोडणी सोडण्यापूर्वी चाकांना दगड लावावेत. जड सामान आसाच्या किंचित पुढे ठेवावे, कारण मागचा भाग जड झाला की ट्रेलर वेगात डोलू लागतो.

जेवणासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरते; दोन्ही बरेच दिवस टिकतात.

पुण्यातील येरवड्याच्या गोल्फ मैदानावर पाहुण्यांना प्रवेश कधी मिळतो, हे निघण्यापूर्वी विचारावे. नियमाप्रमाणे बॅगेत १४ पर्यंतच क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) चालतात. ऑक्टोबरची उष्णता वाढत असल्याने १८ होलचा खेळ सकाळी लवकर सुरू करावा.