कारवानी पिल्लू आणायचंय? आधी त्याची आई बघा

आमच्या घरातलं पहिलं कुत्रं लॅब्रॅडॉर. दुकानदार म्हणाला दोन महिन्यांचं आहे. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, जेमतेम पाच आठवड्यांचं. चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्वो, पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. सलाईन लावूनही गेलं. पुढं तीन वर्षं घरात कुणी कुत्र्याचा विषय काढला नाही. मग जतकडं मामाच्या वस्तीवर एक कारवानी कुत्री बांधावरून धावताना पाहिली आणि माझं ठरलं.

मामाला म्हटलं, एक पिल्लू बघून ठेव. तो म्हणाला, "पिल्लू काय बगायचं? त्याची आय बग आदी."

कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात तेच आपलं कारवानी. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅरव्हॅन हाउंड म्हणून करतं, म्हणून कागदावर ते नाव दिसलं तर दचकू नका. लांब केसांचं असेल तर पश्मी म्हणतात.

घेण्याआधी स्वतःला एकच विचारा: रोज याला पळवायला जागा आहे का? हे नजरेनं शिकार करणारं जनावर. समोर काही पळालं की हाक ऐकू येत नाही. माझ्या कारवानीनं, वादळ्यानं, शेजारच्या काकूंच्या दोन कोंबड्या मारल्या. पैसे भरलेच, वर महिनाभर बोलणी खाल्ली. कंपाउंड बुटकं असेल तर विचार सोडा. आणि "सशामागं सोडू" असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

पिल्लं वस्त्यांवर मिळतात, ब्रीडरकडं म्हणजे पैदास करून विकणाऱ्यांकडं मिळतात. जमखंडीच्या पुढं, मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथं आधी चौकशी करूनच जा. ब्रीडर असेल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी दाखवायला सांगा. 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. हा नियम मला आधी माहीत असता तर!

आता मामाचं म्हणणं. आई समोर आणायला सांगा. ती आहे कुठं, काय खाते, माणसाला बघून आक्रसते का, हे बघा. कारवानी अनोळखी माणसाशी अलिप्तच राहते, लाडात येत नाही, पण थरथरत कोपऱ्यात बसणं वेगळं. डोकं लांब निमुळतं, छाती खोल, पोट वर ओढलेलं, कान गालाशी लोंबणारे. कान मागं दुमडलेले आणि मांड्या फार भरलेल्या दिसल्या तर ग्रेहाउंडचं रक्त असू शकतं. शर्यतीसाठी असा संकर सर्रास करतात. ‘आई गावाला आहे’ असं ऐकलं की चहा पिऊन उठा. मी दोन ठिकाणी उठलो.

बरगड्या दिसतात म्हणून आजारी समजू नका, मोठ्या कारवानीच्या थोड्या दिसायच्याच. पिल्लाचं मात्र उलट: बरगड्या वर आणि पोट फुगलेलं, म्हणजे बहुतेक जंत. डोळ्यांत चिपडं नकोत, शेपटीखालची जागा कोरडी हवी. लसीचं कार्ड मागा, त्यावर बाटलीचं लेबल आणि डॉक्टरांचा शिक्का हवा. पहिला डोस झाला म्हणून लगेच रस्त्यावर नेऊ नका. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, रेबीजचा तीन महिन्यांनंतर.

पट्ट्याचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. याचं डोकं मानेपेक्षा बारीक. साधा पट्टा मागं ओढला की सटकन निघतो, आणि मग सांगलीच्या रहदारीत तुम्ही धावत असता. ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा. अंगात चरबी नसल्यानं या कुत्र्यांना भूल जपून द्यावी लागते. त्याच कारणानं थंडीही फार वाजते. वादळ्या डिसेंबरात आईची गोधडी ओढून नेतो, आणि आई ती परत मागत नाही.