तोल सांभाळणाऱ्या रोबोटसाठी स्वस्तातला सेन्सर
दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबोट करायचाय? महागड्या सेन्सरच्या मागे लागू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘जीवाय-५२१’ हा छोटा सेन्सर बोर्ड मागा. त्यावरच्या एमपीयू-६०५० चिपमध्ये ॲक्सिलरोमीटर (प्रवेग मोजणारा) आणि जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) दोन्ही असतात. दीड-दोनशे रुपयांत काम भागतं.

डुप्लिकेट माल बराच फिरतो, म्हणून घरी आल्यावर आधी कोडमधून हेक्स ७५ (हेक्स म्हणजे १६ पायाची अंकपद्धत) हे रजिस्टर, म्हणजे चिपची ओळख ठेवणारा आतला कप्पा, वाचा. उत्तर हेक्स ६८ यायला हवं. हेक्स ७० आलं तर आत बहुधा एमपीयू-६५०० बसवलेली आहे. तीही चालते, फक्त काही लायब्ऱ्या (तयार कोड) तिला ओळखत नाहीत. पिना सोल्डर न करता नुसत्या खोचू नका, रीडिंग उड्या मारतं. माझी अख्खी रात्र त्यात गेली.

आणि हो, यात होकायंत्र नाही. कलणं नीट कळतं, पण वळण्याचा कोन हळूहळू सरकत जातो.