पाणी तापवायच्या रॉडला थ्री-पिन प्लग कसा लावायचा

नाशिकला थंडी पडली की माळ्यावरचा रॉड खाली येतो आणि बऱ्याच जुन्या घरांत त्याला टू-पिन प्लग लावलेला असतो, प्लीज असं नका करू. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो म्हणजे ६ अँपिअरचा छोटा प्लग पुरत नाही, १६ अँपिअरचाच घ्या. तपकिरी वायर एल (फेज) ला, निळी एन (न्यूट्रल) ला, हिरवी-पिवळी वरच्या जाड पिनला, आणि ही अर्थची वायर जरा लांब ठेवा म्हणजे केबल ओढली गेली तरी ती सगळ्यात शेवटी सुटते. जुन्या केबलमधे लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. प्लगमधला केबल धरून ठेवणारा क्लॅम्प बाहेरच्या जाड आवरणावर आवळा, आतल्या वायरींवर नाही. सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून चेक करून घ्याच, नसेल तर तिसरी पिन नुसती शोभेची.