साकुराबा पाहून जपानला निघालेल्या पैलवानांसाठी

कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीतली पोरं मला अधूनमधून निरोप पाठवतात. मॅटवरची कुस्ती झालेली असते, नॅशनल थोडक्यात हुकलेलं असतं, पोलीस भरतीचं वय सरत आलेलं असतं. त्यात काझुशी साकुराबा या जपानी लढवय्याच्या जुन्या लढती बघितल्या, की डोक्यात एकच भरतं, जपानला जायचं आणि एमएमए (ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारी मिश्र लढत) करायचं. मी टोकियोत नोकरी करतो, संध्याकाळी एका छोट्या जिममध्ये मॅटवर उतरतो आणि लहानपणी लाल मातीत लोळलोय, एवढीच माझी पात्रता. व्यावसायिक लढत मी लढलेलो नाही. तरी विचारतायच तर सांगतो. आधी या माणसाची सगळी करिअर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा, नुसत्या जिंकलेल्या लढती बघू नका. आणि बघताना त्याच्या कॉर्नरला, म्हणजे त्याच्या बाजूने कोपऱ्यात, कोण उभं आहे, त्याच्यावर डोळा ठेवा.

साकुराबा १९६९ चा. होन्शू बेटाच्या उत्तरेकडचा, बर्फाचा आणि भातशेतीचा अकिता प्रांत हे त्याचं गाव. लहानपणी टायगर मास्क या प्रो-रेसलरसारखं व्हायचं वेड. हायस्कूलमध्ये कुस्ती धरली, टोकियोच्या चुओ विद्यापीठात संघाचा कर्णधार झाला आणि पदवी अर्धवट टाकून १९९२ मध्ये यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल या प्रो-रेसलिंग कंपनीत शिरला. (हे वाक्य घरी वाचून दाखवू नका.) या कंपनीतल्या लढतींचे निकाल ठरलेले असायचे, पण शैली खरीखुरी होती. लाथा, पटात घुसणं (समोरच्याच्या पायांवर झेपावणं), सांधे मुरडणं. तिथे शिकवायला बिली रॉबिन्सन हा इंग्रज म्हातारा होता. विगन गावच्या ‘स्नेक पिट’ या तालमीत कॅच कुस्ती शिकलेला. साकुराबाच्या हातातली ती प्रसिद्ध मनगटपकड या परंपरेतून आली.

इथे आपला एक धागा आहे. त्याच विगनच्या तालमीत घडलेला कार्ल गॉच जपानमध्ये आला आणि त्याने जपानी रेसलरांच्या पिढ्यांकडून जोर, बैठका आणि मुद्गल करून घेतले. आजही इथल्या डोजोमध्ये बैठकांना हिंदू स्क्वॉट म्हणतात आणि त्या शेकड्यांनी मारतात. माझ्या जिममध्ये पहिल्या आठवड्यात बैठका सुरू झाल्या तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. बाकी काहीच घरच्यासारखं नव्हतं.

कारण आपली एक सवय इथे अंगाशी येते. कुस्तीत खाली आलो की आपण पोटावर पडतो. पाठ मातीला लागू द्यायची नाही, मान आणि कोपर आत घ्यायचं, समोरच्याला घिस्सा डाव मारायला जागा द्यायची नाही. एमएमएत पोटावर पडलेला माणूस म्हणजे पाठ देऊन बसलेला माणूस. मागून गळ्यात हात आला की संपलं. उलट पाठीवर पडून लढणं, जे आपल्याकडे हरणं, ते इथे शिकावं लागतं. शरीराला हे पटायला बराच काळ जातो आणि तोवर तुमच्या निम्म्या वजनाचा वाटणारा एखादा चष्मेवाला कारकून तुमचा गळा आवळत राहतो. लाज वाटून घेऊ नका.

साकुराबा यासाठीच पैलवानाने बघण्यासारखा. त्याने कुस्ती सोडली नाही. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडणं, हा त्याचा शेवटपर्यंतचा डाव. पण पाठीवर कुणी आलं की तो त्या माणसाचं मनगट पकडून कोपर वर मुरडायचा. ऑगस्ट २००० मध्ये सेइबू डोममध्ये जिउ-जित्सूसाठी प्रसिद्ध ब्राझिलियन ग्रेसी घराण्यातला रेन्झो ग्रेसी उभ्यानेच त्याच्या पाठीवर होता. साकुराबाने हात धरला, गर्रकन फिरला, रेन्झोचं कोपर निखळलं. लढत संपायला तेव्हा काही सेकंदच उरले होते आणि रेन्झोने हार मानण्याची थाप मारलीच नाही. ही लढत सावकाश बघा, पण रेन्झोच्या बाजूनेही बघा. इथे सरावात थाप मारायला उशीर करणारा पैलवान महिनाभर घरी बसतो. आपल्याकडे चीत होईपर्यंत सोडायचं नाही हे रक्तात असतं. कोपराला ते कळत नाही.

आता करिअर कशी उभी राहिली ते. ऑक्टोबर १९९७ मध्ये टोकियो डोममध्ये प्राइड ही जपानी एमएमए स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि साकुराबाचा मालक-गुरू नोबुहिको ताकादा रिक्सन ग्रेसीकडून सपशेल हरला. जपानी प्रो-रेसलरांची अब्रू गेली. डिसेंबरमध्ये यूएफसी ही अमेरिकन एमएमए स्पर्धा योकोहामाला आली, तेव्हा साकुराबा आपल्यापेक्षा कितीतरी जड मार्कस सिल्व्हेराविरुद्ध उतरला. पंचाने चुकून त्याला बेशुद्ध समजून लढत थांबवली, खरं तर तो पटात घुसत होता. त्याने पिंजरा सोडायला नकार दिला. शेवटी निकाल रद्द झाला, त्याच रात्री दोघं पुन्हा लढले आणि साकुराबाने हात अडकवून सिल्व्हेराला हरवलं. एका रात्रीत तो सगळ्या धंद्याचा तारणहार झाला. अशी संधी कुणी आखून देत नाही, तेव्हा या भागातून घेण्यासारखं एवढंच की, संधी आली तेव्हा त्याच्यामागे हायस्कूलपासूनची कुस्ती आणि रॉबिन्सनची शिकवण उभी होती.

नंतर ग्रेसी कुटुंब. नोव्हेंबर १९९९ मध्ये रॉयलर. पंचाने लढत थांबवून साकुराबाला विजयी ठरवलं, रॉयलरने हार मानली नव्हती, त्यामुळे वाद झाला. रॉयलर त्याच्यापेक्षा बराच हलका होता, हेही सांगायला हवं. मग रॉयलरचा भाऊ रॉयसने प्राइडच्या स्पर्धेत खेळायला अट घातली. साकुराबाशी लढत झाली तर पंचाने थांबवायचं नाही, गुण नाहीत, फेऱ्यांना मर्यादा नाही. आपल्या निकाली कुस्तीसारखंच. १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये ती लढत झाली. पंधरा मिनिटांची एक फेरी, अशा सहा फेऱ्या. नव्वद मिनिटं. साकुराबा मध्येच हसत होता, रॉयसच्या जाकिटाशी खेळत होता, पट्टा सोडू पाहत होता, आणि या सगळ्या गमतीजमतीत मांडीवर लाथा मोजून घालत होता. सहाव्या फेरीनंतर रॉयसला उभं राहवेना. त्याचा भाऊ रोरियनने टॉवेल टाकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मानली.

याला एक जुना संदर्भ आहे. १९५१ मध्ये रिओ दि जानेरोत जपानी जुदोका मासाहिको किमुराने साकुराबाच्या त्याच मनगटपकडीने रॉयसच्या वडिलांचा, हेलिओचा, हात मोडला होता. हेलिओनेही थाप मारली नव्हती. लढत थांबवली ती त्याचा भाऊ कार्लोस याने. म्हणजे त्या घरात ‘शरण जायचं नाही’ हा बाणा होता, पण बाणा सांभाळणाऱ्या माणसाला वाचवणारा भाऊही शेजारी उभा होता.

त्या रात्री आणखी एक टॉवेल पडला, तो लोक विसरतात. नव्वद मिनिटं लढून साकुराबा पुढच्या लढतीला उतरला, इगोर वोव्चान्चिन या युक्रेनियन हेवीवेटसमोर. पंधरा मिनिटं तो बरोबरीने लढला. वाढीव फेरी जाहीर झाली आणि त्याच्या स्वतःच्या कॉर्नरने त्याला बाहेर काढलं. माझ्या मते त्याच्या अख्ख्या करिअरमधला हा सगळ्यात शहाणा निर्णय, आणि तो त्याने घेतला नव्हता.

पुढे असे निर्णय पुरेसे झाले नाहीत. प्राइडला तो स्टार हवा होता आणि वजनाचे गट तेव्हा नावापुरते होते. मार्च २००१ मध्ये वांदेरलेई सिल्व्हाने त्याला दोन मिनिटांच्या आत झोपवलं. त्याच नोव्हेंबरमध्ये पुन्हा सिल्व्हा, खांद्याला इजा. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये मिर्को क्रो कॉप हा थेट हेवीवेट, डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. २००३ मध्ये तिसऱ्यांदा सिल्व्हा, पुन्हा हार. आजच्या हिशेबाने हा माणूस ७७ किंवा फार तर ८४ किलोच्या गटात खेळला असता. लोक याला शौर्य म्हणतात. मी ऑफिसमध्ये बसून बोलतोय हे खरं, पण मला यात ‘नाही’ म्हणणारा माणूस जवळ नव्हता एवढंच दिसतं. शेवटची मोठी लढत २०१५ च्या डिसेंबरात, शिन्या आओकीविरुद्ध, वयाच्या ४६ व्या वर्षी. पहिल्याच फेरीत जमिनीवर ठोसे खात राहिला आणि पुन्हा टॉवेल टाकावा लागला.

आपल्याकडे वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहून डाव सांगतो, शिव्या घालतो, जिंकल्यावर खांद्यावर घेतो. कुस्ती मध्येच थांबवत नाही. त्यामुळे आपल्या मुलांना दुसऱ्याने आपली लढत संपवण्याची सवयच नसते. कोराकुएन हॉलला, म्हणजे दीड-दोन हजार माणसांच्या त्या जुन्या हॉलमध्ये, मी आमच्या जिमच्या एका पोराच्या कॉर्नरला पाणी धरायला गेलो होतो. प्रशिक्षकाने दुसऱ्या फेरीत टॉवेल टाकला. पोरगा चिडला, रडला, पण कपडे बदलून झाल्यावर प्रेक्षकांना भेटायला बाहेर गेला, कारण त्यातल्या निम्म्यांना तिकिटं त्यानेच विकली होती.

हे तिकिटांचं नीट समजून घ्या. लहान स्पर्धांमध्ये मानधनाचा काही भाग किंवा सगळाच तिकिटांच्या रूपात मिळतो. विकाल तेवढे तुमचे. जपानी पोराकडे शाळेचे मित्र, आधीच्या नोकरीतले सहकारी, कोपऱ्यावरच्या बारचा मालक असतो. तुमच्याकडे टोकियोतल्या निशी-कासाईतले चार मराठी आयटीवाले असतील आणि त्यांना रविवारी क्रिकेट खेळायचं असेल. म्हणून बहुतेक लढवय्ये दिवसा काहीतरी काम करतात. बांधकाम, हॉटेल, जिममध्ये शिकवणं.

व्यावसायिक होण्याचा रस्ता मात्र सरळ आहे, आणि जपानचं हे मला फार आवडतं. शूतो ही एमएमए संघटना सातोरु सायामाने १९८५ मध्ये सुरू केली, तोच तो साकुराबाच्या लहानपणीचा पहिला टायगर मास्क. पँक्रेस १९९३ ची, यूएफसीच्याही दोन महिने आधीची. दोन्हीकडे हौशी स्पर्धा असतात. हौशी शूतोत हेडगिअर आणि नडगीला पॅड घालून लढता येतं. तिथे चांगलं खेळलात की व्यावसायिक परवान्याची वाट उघडते. रिझिन ही २०१५ मध्ये आलेली मोठी स्पर्धा त्यानंतरची गोष्ट. तिचं नाव पहिल्या दिवशी जिममध्ये काढू नका, लोक नुसते हसतात.

व्हिसाचं आधी बघा. नोकरीच्या व्हिसावर हौस म्हणून सराव चालतो. मानधन घेऊन लढायचं तर वेगळी परवानगी लागते, आणि विद्यार्थी व्हिसावर आलात तर कामाच्या तासांची मर्यादा आहे. कुणी एजंट ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणाला तर त्याला एक रुपया देऊ नका.

जिमची महिन्याची फी साधारण दहा-बारा हजार येन. एक दिवस चाचणीला सगळीकडे येऊ देतात. बूट काढून ठेवा, नखं कापून जा, सरावाच्या आधी ‘ओनेगाइशिमास’ म्हणा, संपल्यावर मॅट पुसायला न सांगता फडकं घ्या. आपल्या तालमीत हौदा खणणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मग एक कोपरा धरून बघत बसा. दुखापत झालेल्या पोराला प्रशिक्षक घरी पाठवतो की ‘गानबारे’ (जोर लाव) म्हणून पुन्हा आत ढकलतो? त्याचे लढवय्ये कोणत्या वजनात खेळतात? तिशीनंतर ते काय करतायत?

साकुराबानंतर क्योजी होरिगुची हा पुढच्या पिढीतला जपानी लढवय्या बघा. लहानपणापासून कराटे, मग नोरिफुमी ‘किड’ यामामोतोच्या जिममध्ये राहून शिकला, शूतोचा विजेतेपदाचा पट्टा जिंकला, यूएफसीत गेला. एप्रिल २०१५ मध्ये डिमेट्रियस जॉन्सनसमोर पाचव्या फेरीचा शेवटचा सेकंद उरला असताना हरला. त्यानंतर जिंकत असतानाच त्याने यूएफसी सोडली, रिझिनमध्ये आला आणि सरावाला फ्लोरिडात राहिला. २०१९ मध्ये त्याच्याकडे रिझिन आणि अमेरिकेतली बेलाटर असे दोन पट्टे होते. गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं तेव्हा त्याने दोन्ही सोडले, बरा झाला आणि २०२० च्या ३१ डिसेंबरला काई आसाकुराला हरवून रिझिनचा पट्टा परत घेतला. साकुराबासारखी जादू त्याच्यात नाही. पण दुखणं बरं होईपर्यंत थांबणं त्याच्याकडून शिकता येतं.

आपल्याकडचं उदाहरण विचारतात म्हणून, मुंबईचा भरत खंडारे कुस्तीतूनच आला आणि २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत लढला. हरला, पण पोहोचला.

आणि तुमचं वय तिशीच्या पुढे असेल, ठोसे खायची हौस नसेल, तर नुसत्या पकडींच्या स्पर्धा बघा. साकुराबाने २०१८ मध्ये क्विंटेट सुरू केली. पाच-पाच जणांचे दोन संघ, जिंकणारा मॅटवर थांबतो आणि समोरच्या संघातला पुढचा गडी येतो. पैलवानाला ती समजायला वेळ लागत नाही. त्या धर्तीच्या हौशी ग्रॅपलिंग स्पर्धा टोकियो-ओसाकात होत असतात, प्रवेश फी भरली की नाव लागतं, आणि तिथे तुमचा एकेरी पट पहिल्या दिवसापासून चालतो.