सुट्या मालासाठी ट्रेलर कसा निवडावा आणि माल कसा उतरवावा

खडी, वाळू, कोळसा, धान्य किंवा सिमेंट असा सुटा माल वाहून न्यायचा म्हटले की हौद्यात किती माल मावेल हे आधी विचारले जाते. खरे तर तो माल कोठे आणि कसा उतरवायचा आहे, हे आधी ठरवावे. मोकळी, सपाट आणि घट्ट जमीन असेल तर मागे उलटणारा टिपर ट्रेलर पुरतो. रस्त्याच्या कामावर गाडी पुढे घेत खडीची पट्टी सोडायची असल्यास तळाशी झडप असलेला ट्रेलर सोयीचा पडतो. कमी उंचीच्या छपराखाली सरकत्या तळाचा ट्रेलर घ्यावा, कारण त्याचा हौदा उचलावाच लागत नाही. सिमेंट आणि राखेसाठी अर्थातच बल्कर, म्हणजे दाबाच्या हवेने माल पाईपमधून बाहेर ढकलणारा टाकीचा ट्रेलर.

मावेल तेवढा माल भरणे मात्र चुकीचे आहे. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १.६ टन भरते, ओली त्याहून जड, तर कोळसा जेमतेम ०.८ ते ०.९ टन, म्हणून कोळशाने काठोकाठ भरता येणारा हौदा वाळूसाठी निम्म्यावरच थांबवावा लागतो. माल लांबीभर सारखा पसरावा. तो मागे साचला तर किंगपिनवरचा (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडणाऱ्या खुंटीवरचा) भार कमी होतो आणि ओढणाऱ्या गाडीच्या चाकांची पकड सुटते. ताडपत्री बांधण्यापूर्वी हौद्याच्या कडांवरचे आणि जोडचाकांमध्ये अडकलेले दगड काढून टाकावेत.

सर्वांत मोठा धोका हौदा उचलताना असतो. गाडी आणि ट्रेलर एका सरळ रेषेत आणावेत, वर विजेच्या तारा नाहीत हे खाली उतरून पाहावे, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) कड्या सुटल्याची खात्री करावी आणि एअर सस्पेन्शन (चाकांवरचे हवेचे फुगे) असल्यास निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे त्यातील हवा सोडावी. हौदा सावकाश उचलावा आणि मागच्या टायरांवर लक्ष ठेवावे: एका बाजूचे टायर अधिक दबू लागले, तर हौदा तिकडे कलतो आहे असे समजून तो लगेच खाली घ्यावा. ओला, चिकट माल पुढच्या टोकाला धरून राहतो, म्हणजे सगळे वजन उंचावर लटकते. अशा वेळी पुढे-मागे झटके देणे हा प्रचलित उपाय असला तरी ट्रेलर आडवा करण्याचा तो हमखास मार्ग आहे. हौदा खाली आणूनच माल मोकळा करावा. चालकाने पट्टा लावून केबिनमध्येच बसावे आणि ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना कोणालाही उभे राहू देऊ नये.

बल्करमध्ये काहीच उलटत नसल्याने चालक निर्धास्त असतात, पण टाकीत दाबाची हवा असते. सायलोचा (माल ज्यात सोडायचा त्या उंच साठवण टाकीचा) फिल्टर तुंबलेला नाही हे पाहूनच झडप उघडावी, आणि माल संपल्यावर दाबमापक शून्यावर येऊन पाईपमधील हवाही सोडून दिल्याशिवाय कपलिंगला (पाईपच्या जोडाला) हात लावू नये.